चाकांवरच्या घरातली थंडी: विदर्भातून हिमाचलकडे निघण्याआधी कॅम्परची ऊब आणि पाण्याची लाइन

विदर्भात पाइप गोठत नाहीत. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तरी न्हाणीतल्या नळाला पाणी येतच होतं. त्याला हात लावायला कोणी धजत नव्हतं, एवढंच. त्यामुळे इकडे गाडीचा कॅम्पर करून घेणारा माणूस पाण्याच्या लाइनचा विचार करत नाही. टेम्पो ट्रॅव्हलर बॉडीवाल्याकडे न्यायची, सीट काढायच्या, प्लायवूडचा पलंग ठोकायचा, एका कोपऱ्यात ओटा, चेसिसखाली शंभर लिटरची टाकी आणि तिथून वर आलेला पीव्हीसी पाइप. चिखलदरा, सेमाडोह, पचमढीपर्यंत हे सगळं बिनतक्रार चालतं.

अडचण त्यापुढे आहे. नागपूरवरून जाणारा ४४ नंबरचा हायवे थेट श्रीनगरला पोहोचतो, आणि ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगद्याचं उद्घाटन झाल्यापासून रस्ता मोकळा असेल तर मनालीपलीकडे लाहौलमध्ये जानेवारीतही जाता येतं. संत्र्याचा आंबिया बहार उरकला की वरुड-मोर्शीकडची पोरं आता गाडी काढून तिकडे निघतात. चिखलदऱ्यात बिनतक्रार चालणारी गाडी तिकडे पहिल्याच रात्री उघडी पडते. पाण्याचं नुकसान पैशांत भागतं. ऊब आणायच्या नादात जे होतं ते भागत नाही. म्हणून पाण्याची लाइन मी मागे ठेवली आहे आणि हवा व विस्तव आधी घेतले आहेत.

आधी हवा

परतवाड्याच्या बाजूला एका गॅरेजात कॅम्परच्या हीटरची चौकशी चालली होती, तर तिथला मिस्त्री सरळ म्हणाला, "अजी भाऊ, एवढा खर्च कायले करता? सिगडी ठेवा ना आत." त्याचं चुकलं असं त्याला वाटण्याचं कारणही नाही. वावरातल्या खोपडीत जागलीला बसलेला माणूस घमेल्यात निखारे घेऊन रात्र काढतोच. पण खोपडीच्या तुराट्यांच्या कुडातून वारा आरपार जातो. पत्र्याची गाडी दार लावलं की डब्यासारखी बंद होते.

कोळसा, गोवऱ्या, लाकूड, गॅस, रॉकेल, काहीही जळो, हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर संपून लाल झालेले निखारे लोकांना सुरक्षित वाटतात, पण तेच जास्त घातक, कारण डोळे चुरचुरत नाहीत आणि माणूस सावध होत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीनं धरून ठेवतं. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि आपण दमलोय असं समजून माणूस पांघरूण ओढतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक गॅस हीटर लावलेल्या बंद खोलीत दगावले. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातच वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघं मृत सापडले. तिथे जनरेटरचा धूर आत शिरला होता.

तेव्हा गाडीच्या आत उघडा विस्तव नाही, ओट्यावरचा गॅस ऊब आणण्यासाठी पेटवायचा नाही, न्हाणीतला गॅस गीझर गाडीत बसवायचा नाही. खिडकी दोन बोटं उघडी ठेवली की चालतं, हे कोणाकडूनही ऐकून घेऊ नका.

आता कामाचं. एक झरोका खाली, जमिनीलगत, आणि एक वर छताला, दोन्ही तळहाताएवढे, आतून बंद न करता येणारे. बाहेरून बारीक जाळी लावा, नाहीतर उंदीर शिरतात. गॅसची टाकी आत असेल तर तिच्या पेटीला तळातून बाहेर जाणारं भोक हवंच, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळाला तर खाली साचतो. झरोके चालतात का हे बघायला उदबत्ती पुरते. दारं लावा, उदबत्ती खालच्या जाळीजवळ धरा. धूर आत वळला पाहिजे आणि वरच्या जाळीशी नेली की बाहेर ओढला गेला पाहिजे. तो जागीच घुटमळत राहिला तर झरोका लहान आहे किंवा चुकीच्या जागी आहे.

अलार्म दोन लागतात आणि लोक एकच घेतात. गॅस गळतीचा अलार्म खाली, पायाशी. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा, बॅटरीवर चालणारा, झोपल्यावर डोकं जिथे येतं त्या उंचीवर. निघायच्या आधी दोन्हींचं टेस्टचं बटण दाबून बघा.

अस्तर, जे उन्हाळ्यातही कामी येतं

हीटर विकत घेण्याआधी हा पैसा लावा. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पत्रा तापून आतली भट्टी होते, त्याला जे आवर घालतं तेच जानेवारीत आतली ऊब धरतं. घरच्यांना हा खर्च पटवायला हे कारण पुरेसं आहे.

पत्र्याला आतून चिकटणारा एक्सएलपीई (पॉलिथिलीनचा) किंवा नायट्राइल (रबराचा) फोम छताला २५ मिलिमीटर, बाजूंना निदान २० मिलिमीटर लावा. ग्लासवूल स्वस्त पडतं, पण ते ओल पितं आणि मग पत्रा आतून गंजतो; गाडीत मी ते घेणार नाही. फरशी विसरू नका. झोपलेल्या माणसाला वरच्यापेक्षा खालून जास्त गार लागतं, म्हणून प्लायवूडखाली फोम आणि पलंगाच्या फळीवर आणखी एक थर. खिडक्यांना चांदीच्या कागदाचे फोमचे तुकडे मापात कापून, रात्री बसवायचे आणि सकाळी काढायचे. ड्रायव्हरच्या केबिनची काच सगळ्यात मोठी, तिथून ऊब पळते. केबिन आणि मागचा भाग यांच्यामध्ये जाड वाकळ पडद्यासारखी टांगा. आजीनं शिवलेली असेल तर उत्तमच, बाजारातला कुठलाही पडदा तिच्यापुढे पातळ.

अस्तर कुठे राहून गेलं ते थंड रात्रीनंतर सकाळी टॉर्च मारला की दिसतं. फोममधून आरपार गेलेल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर एकेक थेंब ओळीनं उभा असतो. लोखंडाचा स्क्रू बाहेरची थंडी थेट आत आणतो आणि श्वासातली वाफ त्यावर धरते. त्या डोक्यांवर फोमच्या चकत्या चिकटवा.

ओलीचं गणित मोठं आहे. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून अर्धा लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतात. वर एक किलो गॅस जळला तर साधारण दीड किलो पाण्याची वाफ होते. संध्याकाळी आत भात शिजवला की भिंती घामेजतात ते यामुळे. स्वयंपाक करताना वरचा झरोका आणि एक खिडकी सताड उघडा, ओले कपडे आत वाळत घालू नका.

हीटर

विजेचा हीटर बॅटरीवर चालवायचा विचार सोडा. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे जेमतेम १.२ युनिट वीज. हजार वॅटचा हीटर ती तासाभरात रिकामी करतो. हॉटेलच्या अंगणात प्लग मिळाला तर गोष्ट वेगळी, तेव्हा तेलाचा रेडिएटर लावावा.

इंजिन बंद असताना रात्रभर ऊब द्यायला डिझेलचा पार्किंग हीटर हा मला पटलेला एकच पर्याय. वेबास्टो आणि एबरस्पेशर ही जुनी नावं. चिनी हीटर बरेच स्वस्त मिळतात. यात ज्वाला एका बंद धातूच्या कोठीत असते, जळायला लागणारी हवा बाहेरून येते आणि धूरही बाहेरच जातो. आतली हवा त्या कोठीच्या बाहेरून फिरून गरम होते. म्हणजे दोन हवांची भेट होत नाही, बसवणाऱ्यानं होऊ दिली नाही तर. नीट अस्तर लावलेल्या ट्रॅव्हलरला २ किलोवॅट पुरतो. मोठा घेतला तर तो सतत मंद चालतो आणि आत काजळी धरते. शून्याखालच्या रात्री दीड-दोन लिटर डिझेल धरून चाला.

बसवताना मिस्त्रीच्या शेजारी उभं राहावं असं हे काम आहे. धुराच्या नळीचा एकही जोड गाडीच्या आत नको. नळी प्रचंड तापते, म्हणून फरशीतल्या भोकाला लोखंडी पट्टी हवी. रबरी वॉशर वितळतो. नळीचं तोंड गाडीच्या कडेबाहेर, मागच्या दिशेला आणि थोडं खाली, दार-खिडकीपासून आणि खालच्या झरोक्यापासून लांब. ती चेसिसखालीच संपवली तर धूर खाली कोंडतो आणि आपणच ठेवलेल्या झरोक्यातून वर येतो. हवा ओढणारी नळी धुराच्या तोंडाशेजारी ठेवू नये. डिझेलचा छोटा पंप तोंड वरच्या बाजूला तिरपं करून लावा, म्हणजे हवेचा बुडबुडा अडकत नाही. चालताना तो टिकटिक करतो, तेवढी सवय होते.

पेटताना हा हीटर मिनिट-दोन मिनिटं ८-१० अँपिअर ओढतो, नंतर एक-दोनवर येतो. वायर बारीक असली तर नेमका पेटतानाच व्होल्टेज पडतो आणि तो बंद पडतो. बंद करताना बटणावरूनच बंद करा, मेन स्विच ओढू नका. विझल्यानंतर काही मिनिटं पंखा चालून कोठी थंड व्हावी लागते. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे डिझेल जास्त पडतं आणि काजळी होते. हीटरला उंचीची सेटिंग असेल ती लावा, नसेल तर पंपाचा वेग कमी करून घ्यायचं इथेच शिकून जा. रोज दहा-पंधरा मिनिटं तो पूर्ण जोरावर चालवला की काजळी जळून जाते. बर्फ पडला असेल तर पेटवण्याआधी धुराचं तोंड हातानं मोकळं करा.

गरम हवेची एक फांदी पलंगाखालच्या पेटीत सोडा. पाणी त्याच पेटीत ठेवायचंय.

गाडीत असा बदल कागदावरही यायला हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या नोंदीशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. आरटीओत आधी विचारा, बॉडीवाल्याला नंतर.

पाणी: एक तर आत, नाहीतर बाहेर

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पण पाइप फुटतो तो बहुतेक वेळा बर्फ धरलेल्या जागी नाही. बर्फाचं बूच पुढे सरकतं, त्याच्या आणि बंद नळाच्या मध्ये अडकलेल्या पाण्याला जायला जागा उरत नाही, आणि तिथला दाब जोडाला किंवा नळाच्या पोटाला फाडतो. रिकामा पाइप मात्र कितीही थंडीत फुटत नाही. त्यामुळे शून्याखालच्या रात्री पाणी एक तर ऊब असलेल्या जागेत असलं पाहिजे, नाहीतर गाडीत नसलंच पाहिजे. अर्धवट काढलेलं पाणी सगळ्यात वाईट, कारण ते नेमकं खोलगट कोपऱ्यात साचतं.

दहा-बारा दिवसांसाठी वर जाणाऱ्या विदर्भातल्या गाडीला माझा सल्ला साधा आहे: चेसिसखालची टाकी विसरा. तिला हीटिंग पॅड, वायरिंग, पत्र्याचं कवच करण्यात पैसा जातो, आणि वाऱ्यात उघडा असलेला अर्धा फूट पाइप सगळ्यावर पाणी फेरतो. अंबाल्याच्या आसपास टाकी पूर्ण रिकामी करा आणि पुढे २० लिटरचे दोन-तीन कॅन पलंगाखालच्या पेटीत ठेवा. माठाला लावतो तशी तोटी एका कॅनला बसवा, ओट्यावर उंच ठेवा, खाली घमेलं. पंप नको, लाइन नको, चिंता नको.

ज्यांना आतून लाइन हवीच आहे त्यांनी टाकी, पंप आणि सगळा पाइप अस्तराच्या आतल्या बाजूला घ्यावा. पाइप पत्रा आणि फोम यांच्यामध्ये दडवू नका, दिसायला छान दिसतं पण ऊब तिथे पोहोचत नाही. सगळ्या लाइनला एका बाजूला उतार द्या आणि सगळ्यात खालच्या ठिकाणी एक कॉक ठेवा. सीपीव्हीसी आणि पीव्हीसी थंडीत कडक होऊन तडकतात. पेक्स हा वेगळ्या प्लास्टिकचा पाइप लवचिक असतो, थोडं ताणून घेतो. ठिबकची १६ मिलिमीटरची लॅटरल घरात पडलेली असते आणि तीही सहसा तडकत नाही, पण ती पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेली नाही, हात-भांडी धुण्याच्या लाइनपुरतीच वापरा. पाइपवर एसीवाल्याकडे मिळणारी काळी नायट्राइलची नळी चढवा. एक गोष्ट लक्षात असू द्या: ती नळी ऊब तयार करत नाही. पेटीत हीटरची हवा नसेल तर ती गोठणं दोन-तीन तास पुढे ढकलेल, टाळणार नाही.

हीटर बंद राहणार असेल किंवा पारा फार उतरणार असेल तर संध्याकाळीच लाइन रिकामी करायची. क्रम बदलू नका:

१. पंपाचा स्विच बंद. पाणी तापवायची टाकी असेल तर ती बंद करून थंड होऊ द्या.
२. खालचा कॉक उघडून टाकीतलं पाणी बादलीत काढा. रस्त्यावर सोडू नका. सकाळी तिथे बर्फाची घसरण होते, आणि पहिला पाय आपलाच पडतो.
३. सगळे नळ, गार आणि गरम दोन्ही, उघडा. हँड शॉवर हुकावरून काढून जमिनीवर सोडा, त्याच्या नळीत बरंच पाणी असतं.
४. पंप अर्धा मिनिट कोरडा चालवा, म्हणजे त्याच्या पोटातलं पाणी निघेल. गाळणीची वाटी उघडून रिकामी करा.
५. टायरमध्ये हवा भरायच्या पंपानं, ३० पीएसआयच्या आत, एका टोकानं हवा मारा. नळातून फुरफुर थांबली की झालं.
६. नळ उघडेच ठेवा. बॉल व्हॉल्व्ह मात्र पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद न ठेवता अर्ध्यावर ठेवा. त्याच्या आतल्या गोळ्यात घोटभर पाणी अडकतं आणि तेवढ्यानं व्हॉल्व्ह चिरतो.
७. बेसिनखालच्या वाकड्या नळीत पाणी राहतंच. लिटरभर पाण्यात पाव किलो जाड मीठ विरघळवून त्यातलं दोन पेले ओता. एवढं खारट पाणी उणे पंधरापर्यंत तरी गोठत नाही.

रेडिएटरचा कूलंट पाण्याच्या लाइनमध्ये कधीही भरू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, म्हणून जास्त धोक्याचं. लाइनसाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचं वेगळं मिळतं. वापरलंच तर नंतर लाइन दोनदा धुवून काढा.

रात्रीच्या पिण्याच्या पाण्याला थर्मास, आणि सकाळच्या चहाचं पाणी आदल्या रात्रीच पातेल्यात भरून ठेवा. कॅनची तोटी गोठली तरी पातेलं गॅसवर ठेवता येतं.

गोठलंच तर

आधी नळ उघडा, पंप बंद ठेवा. मग नळाच्या टोकाकडून मागे मागे या, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा, निवलं की बदला. हीटरची हवा पेटीत तासभर सोडली तर बहुतेक वेळा एवढंही लागत नाही. ब्लो लॅम्प किंवा पेटता बोळा जवळ नेऊ नका. प्लास्टिक वितळतं, आणि शेजारी फोम व प्लायवूड आहे. पाणी यायला लागलं की लगेच आनंद नको, प्रत्येक जोड बोटानं चाचपून बघा.

गाडीचं स्वतःचं

इकडे कितीतरी गाड्यांच्या रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असतं. तसंच वर गेलात तर पाइपआधी इंजिनचा ब्लॉक फुटेल. निघण्याआधी अर्धा कूलंट, अर्धं डिस्टिल्ड पाणी भरा. ते उणे ३५ च्या आसपासपर्यंत टिकतं. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणीही काढा.

डिझेलचं कोणी सांगत नाही. आपल्या पंपावरचं डिझेल कडाक्याच्या थंडीत मेण धरतं, आणि हीटरची नळी बारीक असल्यानं पहिल्यांदा तीच तुंबते. लडाखसाठी इंडियन ऑइलनं नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं, ते याच कारणानं. नागपूरला टाकी फुल्ल करून तेच वर नेऊ नका. टाकी कमी होत आली की वाटेतल्या थंड भागातल्या पंपावर, तिथल्या ट्रकवाल्यांना विचारून भरा. गॅसचंही असंच: ब्युटेन शून्याजवळ वायू व्हायचं थांबतो, म्हणून गॅसची टाकी तिच्या तळाला भोक असलेल्या पेटीतच, पण गाडीच्या ऊब असलेल्या बाजूला ठेवा, पण तिला कधीही आच देऊ नका.

लिथियम बॅटरी असेल तर शून्याखाली तिला चार्ज करू नये, तीही आतच हवी. हँडब्रेक रात्री ओढून ठेवला तर गोठून धरतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

जागा निवडताना वावरातलं ज्ञान वापरा. खोलगट शेतात गारठा जास्त उतरतो, टेकाडावरच्या तुरीला कमी लागतो. डोंगरातही थंड हवा रात्री नदीपात्रात जाऊन बसते. नदीकाठाचा फोटो दिवसा काढावा, रात्री थोडं वर, वाऱ्याला पाठ आणि मोठी काच पूर्वेला करून उभं राहावं.

परत आल्यावर लाइन भरताना टाकी एकदम फुल्ल करू नका. दहा लिटर घाला, पंप चालवा आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून तासभर थांबा. थंडीत पडलेली बारीक चीर इकडे आल्यावरच पाणी दाखवते. कागदावर ओला डाग आला तर तो जोड कापून नवा टाका, एम-सील फासून पुढच्या हिवाळ्यापर्यंत ठेवू नका.